गच्चीवरचा शनिवारचा सिनेमा

बी-३०२: सकाळी सकाळी लिहितेय, माफ करा. शनिवारी गच्चीवर 'द अदर्स' लावला, तेव्हा लहान मुलं चालतील हे कोणी ठरवलं? आमचा लेक दोन रात्री झोपलेला नाही. सासूबाईंची खोली सगळ्यांना माहीत आहे. बाथरूमला जाताना त्या दाराची कडी ओढून बघतो. काल विचारत होता, आजी अजून आत आहे का.

सी-१०४: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? टाकी साफ करणारे १० वाजता येतायत.

ए-२०१: वाईट वाटलं ताई. पण रक्त नाही, मारामारी नाही म्हणूनच निवडला होता. १९४५ चं जर्सी बेट, धुकं, मोठं घर, उजेड न सोसणारी दोन मुलं. आई एका दाराला कुलूप घातल्याशिवाय दुसरं उघडत नाही, एवढंच.

बी-३०२: एवढंच? माझं पोर घरात तेच करतंय.

डी-४०२: मी अर्ध्यातून उठलो होतो. शेवटी भूत कोण निघतं?

ए-२०४: आई आणि मुलंच.

डी-४०२: अहो!! आज बघणार होतो!

ए-२०४: २००१ चा सिनेमा आहे. अजून किती दिवस गुपित ठेवायचं?

बी-५०१: आमच्या मजल्यावरची लिफ्ट बघा, रात्री आपोआप उघडते 😂 सहा महिने तक्रार करतोय.

सी-१०४: किल्ली?

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये झाला आहे. कृपया विषयाला धरून बोला 🙏

ए-२०४: सिनेमा निवडताना आम्हाला कोणी विचारत नाही. वर्गणी मात्र आठवणीने घेतात.

ए-४०३ आजोबा: अगं ३०२, तुझं बरोबर आहे, पोरांना दाखवायला नको होता. पण सिनेमाला नावं ठेवू नका. मी जुन्या नाशकात वाड्यात वाढलो. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की पाणी सराफ बाजारापर्यंत यायचं. सगळी बिऱ्हाडं वरच्या मजल्यावर दाटीवाटीने बसायची, पण कोपऱ्यातली एक खोली कोणी उघडायचं नाही. भुताची नाही, तिचं नाव काढलं की मोठी माणसं गप्प व्हायची, त्याची भीती वाटायची. हे सिनेमे तीच भीती दाखवतात. १९६३ च्या 'द हॉन्टिंग'मध्ये भूत एकदाही दिसत नाही, बंद दार नुसतं आत फुगत येतं. आपला १९४९ चा 'महल' घ्या. झोपाळ्यावर मधुबाला, 'आयेगा आनेवाला', आणि शेवटी ती माळ्याची मुलगी!

डी-४०२: आजोबा, हाही सांगितलात!!

ए-२०१: 'तुंबाड'मधला वाडाही असाच. खरा पाऊस हवा म्हणून चार पावसाळे शूटिंग केलं.

सी-१०४: किल्ली कोणाकडे आहे???

ए-४०३ आजोबा: ३०२, आजीची खोली बंदच असते का?

बी-३०२: हो काका. वर्षश्राद्धापर्यंत काही हलवायचं नाही म्हणाले हे. पोथीवर चष्मा तसाच आहे. मलाच हात लावायचा धीर होत नाही.

ए-४०३ आजोबा: मग पोरगं सिनेमाला घाबरलेलं नाही. संध्याकाळी येतो. खिडकी त्याच्याच हाताने उघडू, चष्माही त्यालाच पुसू दे.

बी-३०२: या काका. साडेसहाला येतो तो क्लासहून.

सी-१०४: टाकीवाले गेटवर उभे आहेत. १० मिनिटांत परत जातील.

ए-२०१: सॉरी, किल्ली माझ्याकडेच. शनिवारच्या पँटच्या खिशात राहिली. आलो.