नात्याबाहेरच्या माणसासाठी गेल्या महिन्यात काय केलंत?

घरोघरी जाऊन पाहणीच्या प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम मी तीन वर्षं केलं. त्यात एक प्रश्न असायचा: गेल्या चार आठवड्यांत, घरच्या किंवा नात्यातल्या नसलेल्या कुणासाठी, मोबदला न घेता, निदान तासभर काही केलंत का? एका बाईंनी लगेच 'नाही' म्हटलं. मी पुढचा प्रश्न वाचणार, एवढ्यात शेजारून हाक आली. त्या उठल्या, पाच मिनिटांनी परत आल्या. शेजारच्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दिवसातून चारदा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे असत. 'मग हे?' मी विचारलं. 'ही काय मदत झाली?'

त्या 'नाही'मुळे हा धागा काढतोय. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाच्या २०१८च्या अहवालात, जगातल्या स्वयंसेवेपैकी सुमारे ७० टक्के काम कुठल्याही संस्थेमार्फत न होता माणसामाणसांत परस्पर होतं, असा अंदाज आहे. त्यातला ५९ टक्के वाटा स्त्रियांचा. पण हे करणारी माणसं स्वतःहून सांगत नाहीत, खोदून विचारावं लागतं. म्हणून वय लिहा, काय करता ते लिहा, कुणासाठी काय आणि किती वेळा केलंत तेही लिहा. फारसं काही केलं नसेल तर तसंच लिहा, तेही तितकंच हवंय.

वय ६८, निवृत्त. नोकरीत होतो तेव्हा वरच्या मजल्यावर कोण राहतं हे ठाऊक नव्हतं. आता आठवड्यातून तीनदा तरी कुणाचा ना कुणाचा ऑनलाइन अर्ज भरून देतो. स्वभाव बदलला असं नाही. दुपार मोकळी झाली आणि लोकांनाही कळलं की हा घरी असतो.

वय ३४, दोन लहान मुलं, घरूनच नोकरी. फोनमधले निरोप चाळत मोजलं: अकरा वेळा. दुसऱ्यांची मुलं शाळेतून आणली, एकीच्या बाळाला तिची परीक्षा होईपर्यंत सांभाळलं, एकीशी रात्री दीड तास बोलत बसले कारण तिला एकटं सोडवत नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर त्याने दोन्ही प्रसंग तत्काळ सांगितले: बंद पडलेली गाडी ढकलली, कपाट उचलू लागला. माझे मला आठवेनात. त्या दीड तासाला काय नाव द्यायचं?

(धागाकर्ता: ईगली आणि क्राउली या दोन संशोधिकांनी १९८६ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा पुरुष जास्त मदत करतात असं दिसलं. पण ते प्रयोग बहुतेक अनोळखी माणसांच्या क्षणभराच्या गाठीभेटींचे होते. असे दीड तास त्यांत नव्हतेच, हेही त्यांनीच नोंदवलं.)

वय २३, रात्रपाळी. खरं सांगतो, एकदाच. जिन्यात एका काकांचं सामान वर नेऊन दिलं. इथे येऊन पाच महिने झाले, मी निघतो तेव्हा सगळे झोपायच्या तयारीत असतात. कुणी काही मागत नाही, कारण कुणी ओळखतच नाही.

वय ४१, व्हीलचेअर वापरते. आम्हाला नेहमी 'मदत मिळते का' एवढंच विचारतात. गेल्या महिन्यात मी एका मुलाला फोनवरून रोज बीजगणित शिकवलं. एकट्या राहणाऱ्या एका गृहस्थांना रात्री नऊला फोन करून गोळी घेतली का विचारते, हे दीड वर्ष चाललंय. ते मला कधीतरी बाहेर न्यायला येतात. ते मात्र सगळ्यांना दिसतं.

वय ५२, घरकाम. मुलगी लिहून देते आहे. आई म्हणते, आमच्यात कुणी आजारी पडलं की तिच्या कामावर दुसरी जाते, नाहीतर तिचं काम सुटतं. पगार जिचा तिलाच. या महिन्यात आई सहा दिवस गेली, स्वतःची कामं उरकून. मी म्हटलं, ही मदतच आहे. ती म्हणाली, नाही गं, आज मी, उद्या ती. मग ती किती वेळा आली, विचारलं. दोन वर्षांत एकदाही नाही. 'तिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, ती कशी येणार?'