तीन अर्धवट कादंबऱ्या आणि तोंडावर आलेला टोमॅटोचा सीझन: कुठली सोडू?

दिवाणजी

नमस्कार मंडळी. इथं दोन वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा.

मी नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात एका आडत्याकडं दिवाणजी आहे. कुणाचे किती क्रेट आले, लिलावात काय भाव लागला, हमाली-तोलाई किती गेली, हे लिहायचं आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. अठरा वर्षं हेच करतोय. उरलेल्या वेळात मी अद्भुत कादंबऱ्या लिहितो असं घरचे पाहुण्यांना सांगतात. खरं म्हणजे मी त्या सुरू करतो.

सध्याचा शिल्लक माल असा:

पहिली 'जकात'. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण ट्रेकवाल्यांनी पाहिला असेल. कल्याण-सोपाऱ्याकडून घाट चढून जुन्नरकडं येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं आमच्याकडं सांगतात. माझ्या कादंबरीत नाणी चालत नाहीत. घाट चढून आलेल्यानं स्वतःची एक आठवण रांजणात सोडायची, मगच वाट मोकळी. ती आठवण त्याच्याकडून कायमची जाते. कुणी काय सोडलं याची वही ठेवणारा कारकून हा नायक, नाव आर्यवीर. १९ प्रकरणं झाली, साधारण ६१,००० शब्द. विसाव्या प्रकरणापाशी गेल्या दिवाळीपासून गाडी उभी आहे. ते सहा वेळा लिहिलं. सहाव्यांदा वाचताना लक्षात आलं की तिसऱ्यांदा लिहिलेलंच पुन्हा लिहिलंय.

दुसरी 'उसातली'. आमच्या भागातला बिबट्या उसात जन्मतो नि उसातच मोठा होतो. तर एका पिलाला आजीची स्वप्नं पडायला लागतात आणि स्वप्नात झाडं असतात. ८ प्रकरणं, २२,००० शब्द. ही मला सगळ्यात आवडायची. मग शेजारच्या वस्तीवर बिबट्यानं एक पोर नेलं. त्यानंतर त्या पिलाची कणव लिहायला हात उचलेना. फाइल उघडतो, दोन ओळी वाचतो, बंद करतो.

तिसरी 'राख'. कुकडी नदीकाठच्या बोरी गावाला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. ती पार इंडोनेशियातल्या टोबाहून उडत आली असं काही अभ्यासक म्हणतात, तिच्या वयावरून त्यांच्यात वाद आहेत. माझं त्या राखेखालचं जग. प्रकरणं शून्य. नकाशा एक, चार कागद चिकटवून केलेला. शब्दकोश १४० शब्दांचा. आठवडा नऊ दिवसांचा का, याचं कारणही लिहून ठेवलंय. फक्त त्या नऊ दिवसांत कुणाचं काय होतं ते अजून माहीत नाही.

सीझन आता आलाच. २०२३ च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेला तेव्हा त्या महिनाभरात मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही एका रद्द पट्टीच्या पाठीमागं. म्हणजे एकच काहीतरी हातात धरता येईल. कुठलं धरू, कुठलं सोडू?

दुसरा प्रश्न भाषेचा. माझा कारकून रांजणापाशी म्हणतो, "हे पथिका, तुझी एक स्मृती या कुंभात अर्पण कर." हे वाचून बायको म्हणाली, हा दाढी चिकटवून बोलतोय का? साधं लिहावं, "आठवण टाक आणि पुढं हो," तर मार्केटच्या गेटवरचा आमचाच माणूस बोलल्यासारखं वाटतं. 'जकात'ची पहिली तीन प्रकरणं खाली जोडतोय. झोडायला हरकत नाही.

चहाटळ

दिवाणजी, नकाशा टाका की इथे! बाकीचं नंतर बघू.

रोज_थोडं

कुठलीही धरा, पण रोज ५०० शब्द ठरवा. मूड बघायचा नाही. कॅलेंडरवर फुली मारत जायची. मी असंच एक पुस्तक संपवलं.

दिवाणजी

@रोज_थोडं, अभिनंदन, खरंच. पण माझी अडचण शब्दांची नाही हो. विसावं प्रकरण सहा वेळा लिहिलं म्हणजे वीसेक हजार शब्द झालेच की. आवक भरपूर आहे, उठाव नाही.

@चहाटळ, नकाशा घडी घालून पार फाटलाय. चिकटवून टाकतो.

कडेकपारी

तिन्ही प्रकरणं वाचली. नाणेघाटात माझ्या पंधरा-वीस चकरा झाल्या असतील, वैशाखऱ्याकडूनही आणि घाटघरकडूनही, त्यामुळे जरा अधिकाराने बोलतो.

आधी तक्रार. तिसऱ्या प्रकरणात सातवाहन काळातला बैलवाला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खातो. मिरची आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतरची. त्याच्या फडक्यात मिरी बांधा, आलं द्या, पण मिरची काढा. तुमचं जग काल्पनिक असलं तरी घाटाला नाव नाणेघाटच दिलंय ना? मग वाचणारा हिशोब मागणारच.

आता भाषा. तुमच्या बायकोचं बरोबर आहे. त्या 'पथिका'चा सातवाहनांशी काही संबंध नाही, तो टीव्हीवरून आलाय. तिथल्या लेण्यात जो मोठा लेख आहे, नागनिका राणीचा मानतात तो, त्यात यज्ञांची नि दक्षिणेची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे नाणी, आणि संख्या ब्राह्मी अंकांत. तोही प्राकृतात. म्हणजे राणीसुद्धा दगडावर संस्कृत लिहीत नव्हती. हिशोबच लिहिलाय एका परीने! तुम्ही दिवाणजी असून नायकाला संस्कृत नाटकातलं का बोलायला लावता? "आठवण टाक आणि पुढं हो" हेच ठेवा.

नावांचंही तेच. आर्यवीर कशाला? त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, वर नावं कोरलेली: सिमुक, नागनिका, सातकर्णी, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरि. मूर्ती गेल्या, जेमतेम पावलांच्या खुणा राहिल्या. पण नावं बघा, हकुसिरि! असं नाव कल्पनेने सुचतं का कुणाला? आणि जुन्नरच्या लेण्यांमध्ये जा. दान देणाऱ्यांत धान्यवाल्यांची श्रेणी म्हणजे संघ आहे, बांबूकाम करणारे आहेत, कासार आहेत. एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी दिलीत, त्याचं नाव इरिल. तुमच्या रांजणापुढे हीच माणसं उभी करा. राजपुत्र आणि काळे जादूगार कमी करा, तिसऱ्या प्रकरणातच तीन झालेत.

कुठली सोडायची ते मी सांगणार नाही. पण पहिल्या प्रकरणातली ती कासारीण, जी आईचा आवाज रांजणात सोडते आणि खाली उतरताना ओव्या म्हणायला जाते तर चाल आठवत नाही, ती रात्रभर डोक्यातून गेली नाही.

दिवाणजी

अठरा वर्षं टोमॅटो लिहितोय आणि मिरचीत सापडलो! म्हटलं निदान टोमॅटो तरी घातला नाही. मग शंका आली म्हणून शोधलं, तर चौदाव्या प्रकरणात सरदाराच्या जेवणात टोमॅटोचं सार निघालं. काढलं.

आर्यवीरचा हकू केला. गंमत म्हणजे नाव बदलल्यावर त्याची चालच बदलली. आर्यवीर ताठ उभा असायचा, कमरेला तलवार. हकू जमिनीवर मांडी घालून बसतो आणि त्याच्या कानावर बोरू आहे. बोरू त्या काळी होता का हे विचारून घ्यायला हवं खरं तर. @कडेकपारी, सवडीनं सांगा.

पण विसावं प्रकरण आहे तिथंच आहे. त्यात कोकणातून शत्रूचं सैन्य घाट चढून येतं, मोठी लढाई. सहाही वेळा सैन्य आलं. रात्री असंही वाटून गेलं की तिन्ही फाइली उडवाव्यात आणि सीझन झाल्यावर नव्यानं सुरुवात करावी.

माई

दिवाणजी, मी तुला अरे म्हणते, माझी पंचाहत्तरी झाली आहे तेव्हा चालेल. शाळेत मराठी-संस्कृत शिकवायचे.

उडवायच्या गोष्टी करतोस म्हणून गुणाढ्याची आठवण झाली. तुझ्याच वाटेवरचा माणूस तो, नाणेघाटातून निघालेला माल पैठणला जायचा आणि हा पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारात. कथासरित्सागरात त्याची गोष्ट येते. राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन असं हा म्हणाला, दुसरा पंडित म्हणाला मी सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज घेतली, तू हे केलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडीन. हरला. मग रानात जाऊन पैशाची नावाच्या भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहिली, सात वर्षं, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. ती राजाकडे पाठवली तर राजाने नाक मुरडलं. मग गुणाढ्याने अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळायला लागला. हरणं, रानडुकरं चारा सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात सुकट मांस यायला लागलं, म्हणून चौकशी झाली आणि राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते.

वर्गात मुलं नेहमी त्या जळलेल्या सहा लाखांवर हळहळायची. मला मात्र उरलेल्या एका लाखाचं कुतूहल. तो भाग गुणाढ्याने मुळात आगीत घातलाच नव्हता, बाजूला काढून ठेवला होता. का? तर त्याच्या दोन शिष्यांना तो आवडायचा म्हणून. नरवाहनदत्ताची कथा ती.

तेव्हा तू आम्हाला विचारू नकोस कुठली सोडू. तुझे शिष्य कोण? घरात कुणाला वाचून दाखवतोस की नाही? ते काय मागतात?

चहाटळ

माईंना दंडवत. शिष्यांना नकाशा आवडला असेल बहुतेक.

दिवाणजी

माई, उत्तर द्यायला महिना लागला, माफ करा. सीझन सुरू झालाय.

वाचून दाखवतो ते मुलीला. अकरा वर्षांची आहे. नकाशा तिनं एकदा पाहिला आणि विचारलं, यात आपलं घर कुठंय? मी म्हटलं, यात आपलं घर नसतं. तिचा रस संपला. बिबट्याचं तिला नको, ती संध्याकाळी दार लावून घेते.

'जकात' मात्र ऐकते. पण लढाया आल्या की झोपते. आणि तुमचं वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला की गेलं वर्षभर ती मला एकच प्रश्न विचारतीये आणि मी "पुढं कळेल" म्हणून टोलवतोय. प्रश्न असा: पप्पा, रांजण भरला की कोण रिकामा करतं?

मला माहीत नव्हतं, म्हणून तर सैन्य बोलवत होतो.

त्या रात्री सैन्य माघारी पाठवलं. आता विसाव्या प्रकरणात सकाळी हकू येतो तर रांजण काठोकाठ. समोर इरिल उभा, (@कडेकपारी, उचलला तुमचा यवन), मागं बैलांची रांग, पावसाचं अंधारून आलंय. जागा करायची तर रांजणातलं काहीतरी कायमचं सांडायचं. कुणाचं, ते वहीवाला ठरवणार, कारण कुणाचं काय आत आहे ते त्यालाच ठाऊक. हकू पान उलटतो. कासारणीच्या आईचा आवाज आहे. एका आंधळ्यानं सोडलेला पिवळा रंग आहे. आणि पहिल्या पानावर राजघराण्याची देणगी, रांजण बसवला तेव्हाची: आपले स्वतःचे चेहरे. हकू पहिलं पान फाडतो.

लेण्यातल्या मूर्तींची पावलंच का राहिली, याचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं. ११ पानं झाली. काही पट्ट्यांच्या पाठीमागंच लिहिलंय. परवा चुकून एका शेतकऱ्याला त्यातलीच पट्टी गेली. दुसऱ्या दिवशी परत आला, हमालीचा आकडा बरोबर आहे म्हणाला, पण मागच्या बाजूला त्या आंधळ्याचं पुढं काय झालं?

कडेकपारी

"वहीवर" मात्र थांबा. कागद नाही तेव्हा. पान ठेवा, पण ताडपत्र करा. ताडपत्र फाडलं तर आवाज वेगळा येतो, तोही लिहा. आणि राजाचे चेहरे सांडल्यावर हकूचं पुढे काय करताय? राजा गप्प बसणार नाही.

दिवाणजी

ते एकविसाव्यात. हकूला पकडून आणतात आणि राजा त्याला ओळखायला सांगतो, यातला राजा कोण. अजून मलाच सांगता येत नाहीये.

'उसातली' प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. ती संपवायला मी अजून लहान आहे किंवा ती घटना अजून जवळ आहे. 'राख' सोडली. म्हणजे कपाटावर टाकली. काल जरा वेळ मिळाला म्हणून उत्तरेकडं एक नदी वाढवली, तेवढीच.

चहाटळ

नदी वाढवली म्हणजे चिकटवून झालाय. आता टाका फोटो.