घरच्या सर्व्हरवरून लावलेली लग्नाची चित्रफीत टीव्हीवर अडखळते – मदत हवी आहे

नमस्कार. गेले तीन आठवडे एका प्रश्नाने मी हैराण झाले असून, मला जमण्यासारखे उपाय करून झाल्यावर येथे लिहीत आहे. मजकूर लांबला आहे. परंतु अर्धवट माहिती दिली की पहिले पाच प्रतिसाद माहिती विचारण्यातच जातात, हे इतरांच्या धाग्यांवर पाहिलेले असल्यामुळे जे ठाऊक आहे ते आधीच मांडते.

आमचे सांगलीत दुमजली घर आहे. वरच्या खोलीत मुलीचा जुना डेस्कटॉप संगणक पडून होता (इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम). त्यात ४ टीबीची नवी हार्ड डिस्क बसवून त्यावर लिनक्स आणि जेलीफिन (साठवलेल्या चित्रफिती घरातल्या टीव्हीवर पाठवणारा कार्यक्रम) घातले आहे. इंटरनेटचा राउटर खाली दिवाणखान्यात आहे. त्याच्याशेजारी एक गिगाबिट स्विच असून वरच्या संगणकाची केबल आणि टीव्हीची केबल अशा दोन्ही त्या स्विचमध्ये येतात. टीव्ही ५५ इंची, फोर-के, अँड्रॉइडचा आहे. म्हणजे सर्व्हरपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे तारच आहे, वाय-फाय कोठेही मध्ये येत नाही, ही बाब कृपया लक्षात घ्यावी.

मुलीच्या लग्नाची चित्रफीत छायाचित्रकाराने दोन स्वरूपांत देऊ केली होती. मोबाइलवर चालणारी लहान प्रत नको, दर्जा जराही न उतरवलेली प्रत हवी, असा हट्ट मीच धरला. त्यामुळे साडेतीन तासांचे चित्रीकरण पाच भागांत मिळाले असून सगळे मिळून सुमारे १३४ जीबी भरते. चित्रीकरण फोर-के आहे, सेकंदाला २५ चित्रे आहेत, एन्कोडिंग (चित्रफीत दाबून साठवण्याची पद्धत) एच.२६४ आहे आणि आवाज एएसी आहे.

आता प्रत्यक्ष तक्रार. हळदीचा भाग जवळपास विनातक्रार चालतो. मंगलाष्टकांच्या भागात मात्र पहिली दोन कडवी नीट जातात आणि तिसऱ्या कडव्यापासून, लोकांनी अक्षता टाकल्या की, चित्र थांबते आणि गोल चकती फिरू लागते. चार-पाच सेकंदांनी ते पुढे सरकते आणि पुढच्या ‘सावधान’ला पुन्हा थांबते. वरातीतही हाच प्रकार होतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे लग्नाला येऊ न शकलेल्या माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात आणि अर्ध्या तासाने उठतात, यावरून प्रश्न किती तातडीचा आहे ते कळावे.

आतापर्यंत केलेले उपाय असे. टीव्ही आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केले. टीव्हीवरील ॲप काढून पुन्हा घातले. टीव्हीवरच इंटरनेटचा वेग मोजला, तो सेकंदाला ९३ मेगाबिट आला. आमची योजना १०० मेगाबिटची असल्यामुळे तो योग्यच वाटला. इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्राने अधिक वेगाची योजना घेण्याचा सल्ला दिला, परंतु मी फायबरची तार राउटरमधून उपसून पाहिली तरी चित्र जसे अडखळायचे तसेच अडखळले, म्हणून तो सल्ला बाजूला ठेवला. ॲपमधील दर्जा २० मेगाबिटवर आणून पाहिला, तर प्रकरण अधिकच बिघडले आणि अगदी पहिल्या मिनिटापासून दर तीन सेकंदांनी चित्र थांबू लागले. याउलट, हीच चित्रफीत माझ्या लॅपटॉपवर, त्याच सर्व्हरवरून आणि तीही वाय-फायवर, एकदाही न अडकता चालते. यावरून सर्व्हर निर्दोष असावा असे वाटते. मग दोष कशाचा? वायरमनने भिंतीतल्या पाइपातून ओढलेल्या केबलविषयी मला पहिल्यापासून शंका आहे, परंतु भिंत फोडण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे.

प्रतिसाद १

वाय-फायसाठी मेश यंत्रणा घ्या. आमच्याकडे घेतल्यापासून एकदाही अडचण आलेली नाही.

प्रतिसाद २

मूळ प्रश्नात टीव्ही तारेने जोडलेला असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे मेशचा येथे उपयोग नाही.

ताई, भिंत फोडू नका. आपण दिलेल्या माहितीत दोन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सुटे करू. दर्जा २० मेगाबिटवर आणल्यावर जे होते, त्याचा जाळ्याशी संबंध नाही. ॲपने कमी दर्जा मागितला की सर्व्हरला मूळ चित्रफीत उलगडून, लहान करून, पुन्हा बांधून पाठवावी लागते. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. फोर-के चित्रफितीसाठी हे काम चालता चालता करणे आपल्या जुन्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचे आहे. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर त्या वेळी ‘ट्रान्सकोडिंग’ असे दिसेल आणि प्रोसेसर पूर्ण क्षमतेने धावत असेल. दर्जा पुन्हा ‘मूळ’वर ठेवला की तेथे ‘डायरेक्ट प्ले’ (म्हणजे चित्रफीत जशीच्या तशी पाठवणे) दिसायला हवे आणि प्रोसेसरचा वापर नगण्य असायला हवा. तसे असेल तर हा दुसरा दोष आपणच निर्माण केलेला होता, असे समजून तो विसरून जावा.

राहिला मूळ दोष. त्यासाठी मला दोन आकडे हवे आहेत. मंगलाष्टकांच्या भागातून अडखळणारा ४० सेकंदांचा तुकडा एफएफएमपेग या चित्रफिती कापण्या-बदलण्याच्या कार्यक्रमाने, पुन्हा एन्कोड न करता, जसाच्या तसा कापून त्याचा आकार किती एमबी भरतो ते सांगा. दुसरे म्हणजे, टीव्हीच्या मागची केबल काढून तीच लॅपटॉपला लावा, लॅपटॉपचे वाय-फाय बंद करा आणि सर्व्हर व लॅपटॉप यांच्यामध्ये आयपर्फ हा कार्यक्रम चालवून वेग मोजा. इंटरनेटचा वेग मोजणारी संकेतस्थळे येथे कामाची नाहीत. ती योजनेचा वेग सांगतात, घरातल्या तारेचा नव्हे.

आयपर्फचा आकडा ९४० मेगाबिटच्या आसपास आला तर केबल उत्तम आहे. तो ९४ आला तर आपल्या वायरमनची चौकशी करू. गिगाबिटसाठी केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी तार तुटली किंवा टोकाशी नीट दाबली गेली नाही, तर दोन्ही बाजूंची उपकरणे तक्रार न करता खालच्या वेगावर उतरतात आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

सविस्तर प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. डॅशबोर्ड पाहिला, मूळ दर्जावर ‘डायरेक्ट प्ले’ आहे आणि प्रोसेसरचा वापर चार टक्क्यांच्या वर जात नाही. २० मेगाबिटवर तो शंभर टक्के होतो, म्हणजे आपले निदान बरोबर आहे.

अक्षतांचा ४० सेकंदांचा तुकडा ५९० एमबी भरला. हळदीतला तेवढ्याच लांबीचा तुकडा ३६० एमबी आहे. आयपर्फचा आकडा ९४१ मेगाबिट. वायरमनवर मी विनाकारण संशय घेतला, हे येथे कबूल करते. परंतु केबल चांगली, सर्व्हर चांगला, स्विच चांगला, तरीही चित्र अडकते, तर आता संशय घ्यायला उरले कोण?

प्रतिसाद २ (पुन्हा)

टीव्हीच उरला. ५९० एमबी म्हणजे (एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून) आठपट केल्यावर ४७२० मेगाबिट, भागिले ४० सेकंद, म्हणजे सेकंदाला ११८ मेगाबिट. हळदीचा हिशोब याच रीतीने ७२ येतो. आता टीव्हीवर मोजलेला ९३ हा आकडा पुन्हा पाहा. तो आपल्या इंटरनेट योजनेशी जुळला म्हणून आपण निश्चिंत झालात, आणि येथेच योगायोगाने दिशाभूल केली. हजारो रुपयांच्या फोर-के टीव्हीलासुद्धा केबलसाठी १०० मेगाबिटचेच पोर्ट बसवण्याची पद्धत सर्रास आहे, आणि अशा पोर्टमधून माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणारा पत्ता वगैरे वजा जाता प्रत्यक्षात ९४ मेगाबिटच मिळतात. इंटरनेटवरून येणाऱ्या फोर-के मालिका-चित्रपटांना साधारण २५ मेगाबिट पुरतात, म्हणून कोणाला अडचण जाणवत नाही. आपली प्रत मात्र त्या मापाची नाही.

पहिली दोन कडवी का चालतात, हेही यातून उलगडते. ॲप पुढच्या काही सेकंदांचे चित्रण आधीच साठवून ठेवते. छतावरच्या टाकीत पाणी असेतोवर नळाची धार कमी झाल्याचे कळत नाही, तसेच हे आहे. सेकंदाला ११८ खर्च आणि ९४ जमा असा हिशोब चालू राहिला की टाकी रिकामी होते आणि मग प्रत्येक ‘सावधान’ला टीव्ही थांबून पाणी भरू लागतो.

अक्षताच का, असे आपण विचारले नाहीत, परंतु मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एच.२६४ प्रत्येक चित्र संपूर्ण साठवत नाही. आधीच्या चित्रातला कोणता भाग कोठे सरकला, एवढे बहुतांशी नोंदवते. पाटावर बसलेल्या नवरीला हळद लावताना मागची भिंत जागेवर असते, तिच्यासाठी फारशा नोंदी लागत नाहीत. हवेत उडालेल्या हजारो तांदळांपैकी प्रत्येक दाणा स्वतंत्र दिशेने जातो, आधीच्या चित्रावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि त्यामुळे नोंदी फुगतात. वरातीतले दिवे आणि कागदी झिरमिळ्या याच जातीच्या.

खात्रीसाठी स्विचवरचे दिवे पाहा. बहुतेक स्विचवर गिगाबिट जोडणीचा आणि १०० मेगाबिट जोडणीचा दिवा वेगळ्या रंगाचा असतो. नंतर टीव्हीची केबल काढून टाका आणि टीव्ही राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जोडा. केबल नुसती राहू दिली तर टीव्ही तिलाच प्राधान्य देण्याची शक्यता आहे.

प्रतिसाद ३

तारेपेक्षा वाय-फाय बरे, असा सल्ला या मंचावर दिला जाईल असे वाटले नव्हते! परंतु या प्रकरणात तो योग्य आहे. एक पर्याय सुचवतो. टीव्हीच्या यूएसबी पोर्टला गिगाबिटचा लॅन ॲडॉप्टर लावता येतो. यूएसबी २.० असले तरी ३०० मेगाबिटच्या आसपास वेग मिळतो. सर्वच टीव्ही असा ॲडॉप्टर ओळखत नाहीत, म्हणून दुकानदाराकडून परत घेण्याची हमी घेऊनच तो विकत घ्यावा.

धागाकर्तीचे उत्तर

स्विचवर सर्व्हरचा दिवा हिरवा आहे आणि टीव्हीचा नारिंगी. तीन आठवडे तो डोळ्यांसमोर होता. तो शोभेचा नाही, हे आज कळले.

काल सायंकाळी केबल काढून टीव्ही वाय-फायवर घेतला आणि परिस्थिती पूर्वीपेक्षाही वाईट झाली, हळदीचा भागसुद्धा थांबू लागला. येथे लिहायला बसणार तोच लक्षात आले की आमच्या राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही जाळ्यांना एकच नाव दिलेले आहे आणि टीव्हीने २.४ चे पकडले होते. आमच्या गल्लीत घरे एकमेकांना खेटून आहेत, २.४ वर एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच आणि शेजाऱ्यांचे राउटर पंधरा, तेव्हा तेथे काय मिळणार होते? राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींची नावे वेगळी केली, टीव्हीला जुने नाव विसरायला लावले आणि ५ चे नाव दिले. टीव्ही आणि राउटर यांच्यात तीन मीटरचे अंतर आहे, मध्ये भिंत नाही. त्याच जागी लॅपटॉपवर ३८० मेगाबिट मिळाले.

मंगलाष्टके सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग पाहून झाली. सासूबाईंनी अंतरपाट दूर होताना पुन्हा एकदा मागे न्यायला सांगितले, तेव्हाही चित्र अडकले नाही. वरातीत मात्र बँडच्या प्रसंगात एकदा दोन सेकंद थांबले. त्यामुळे आता वाटते की रोज पाहण्यासाठी एक लहान प्रत करून ठेवावी आणि मूळ प्रत जपून ठेवावी. वरचा संगणक हे काम करू शकेल का? चालता चालता जमत नाही, परंतु रात्रभर लावून ठेवले तर? एच.२६५ (एच.२६४नंतरचे, कमी जागा घेणारे एन्कोडिंग) करून पाहिले, तर सेकंदाला चारच चित्रे होत होती.

प्रतिसाद २ (पुन्हा)

साडेतीन तासांची ३ लाख १५ हजार चित्रे होतात, म्हणजे त्या गतीने बावीस तास. एच.२६४च ठेवा, जागा थोडी जास्त लागेल, पण वेळ निम्म्याहून कमी लागेल. एफएफएमपेगमध्ये दर्जा सीआरएफ २० (सीआरएफ म्हणजे चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) ठेवा आणि कमाल वेग ४० मेगाबिटवर बांधून टाका. हा शेवटचा बंध महत्त्वाचा आहे, कारण केवळ दर्जा सांगितला तर अक्षता पुन्हा शंभरच्या पुढे जातील. आवाजाला हात लावू नका, तो जसाच्या तसा उचलू द्या. इतक्या जुन्या प्रोसेसरच्या अंगभूत एन्कोडरने हेच काम पुष्कळ लवकर होते, परंतु लग्नाच्या चित्रीकरणासाठी मी तो वापरणार नाही. सेकंदाला तेवढेच मेगाबिट दिले तरी त्याचे चित्र जास्त फाटते. आणि लहान प्रत झाल्यावर हवे तर केबल पुन्हा लावा. ४० मेगाबिटसाठी टीव्हीचे ते पोर्ट पुरेसे आहे.

धागाकर्तीचे उत्तर

आज रात्री मंगलाष्टकांचा भाग लावून ठेवते. सकाळी किती जीबीची प्रत झाली आणि अक्षता फाटतात का, ते येथेच लिहीन.