मदत हवी आहे : दादासाहेब तोरणे आणि सरस्वती सिनेटोन

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा पुण्यात दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोन या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत सुतारकाम करायचे. परवा माळा आवरताना त्यांच्या ट्रंकेत सिनेमाच्या पदांची पातळ पुस्तिका सापडली. टाचणी गंजून कागदात रुतली आहे, कडांची कसरीने चाळण केली आहे. मुखपृष्ठ गेलंय, पण आतल्या पानावर 'श्यामसुंदर' एवढं वाचता येतं. नट शाहू मोडकांचा हा पहिला चित्रपट, १९३२ चा. हात लावायचीही भीती वाटते.

यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीत तोरण्यांवर छोटं प्रदर्शन करायचं ठरवलंय. मालवणचा हा माणूस. त्यांचा 'श्री पुंडलिक' हा मूकपट १८ मे १९१२ ला मुंबईत कोरोनेशन थिएटरमध्ये लागला, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळजवळ वर्षभर आधी. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली होती, म्हणून पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान फाळक्यांना मिळाला. तो वाद बाजूला ठेवला तरी, १९६० मध्ये ज्यांनी पुण्यातच देह ठेवला त्या माणसाचं नाव आमच्या गल्लीतल्या पोरांना माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं.

तर, स्टुडिओची नेमकी जागा दाखवू शकेल असं जुनं कुणी ओळखीत आहे का? टाचणी घरीच काढावी की जाणकाराकडेच न्यावी? लॉ कॉलेज रोडच्या फिल्म संग्रहालयात अशा पुस्तिका कुणी दिल्या असतील, तर तिथे आधी कुणाला भेटायचं तेही सांगा. लॅमिनेशन कर म्हणून घरचे मागे लागलेत, मी थांबवून धरलंय.