सेलेनियमची टेस्ट ‘आय अ‍ॅम नॉट अ रोबोट’पाशी अडते

रात्रपाळी:
मंडळी, लॉगिनवर गेल्या आठवड्यात रीकॅप्चा व्ही-२ (गूगलची ‘मी रोबोट नाही’वाली चौकट) बसवलाय. तेव्हापासून रात्री दोनला सुटणारा रिग्रेशन सुइट (जुनं काही मोडलं नाही ना, हे बघणारा टेस्टचा संच) पहिल्याच पायरीवर आपटतो. १४० टेस्ट, सगळ्या लाल. सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) चौकटीत टिक करतं, सिग्नलच्या दिव्यांची चित्रं येतात, टाइमआउट. काल दीड मिनिटाचा स्लीप (थांबा) टाकून दिवे मीच हाताने निवडत बसलो. बायको म्हणाली, “मग ऑटोमेशन कशाचं केलंस?” मॅनेजर म्हणतात, कॅप्चा सोडवून देणारी सेवा विकत घेऊ. घ्यावी का?

जुनाखोंड:
अजिबात नको. कॅप्चा चालतो का हे गूगल बघेल, तुम्ही त्याच्या पुढचं बघा. व्ही-२साठी गूगलनेच टेस्ट की दिल्यात, पानासाठीची साइट की आणि सर्व्हरसाठीची सीक्रेट की दोन्ही. स्टेजिंगच्या (साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीच्या) कॉन्फिगमध्ये टाका. चित्रं येत नाहीत, पडताळणी कायम पास. आयफ्रेममध्ये (पानातल्या पानात) स्विच करून टिक मात्र करावं लागेल. आणि हो, त्या की चुकून प्रॉडक्शनला (खऱ्या साइटवर) गेल्या तर दार सताड उघडं! प्रॉडक्शनवर टेस्ट की दिसली की अ‍ॅप सुरूच होऊ नये, अशी तपासणी डेव्हलपरकडून लिहूनच घ्या.

कोकणी_क्यूए:
व्ही-३ला ही सोय नाही. तिथे समोर माणूस असल्याचा ०.० ते १.० असा स्कोअर येतो, टेस्टिंगला वेगळी की काढायची आणि त्या स्कोअरवर विसंबायचं नाही.
क्लाउडफ्लेअरच्या टर्नस्टाइलमध्ये (तीही कॅप्चासारखीच सेवा) मात्र कायम नापास करणारी कीसुद्धा मिळते. गूगलच्या टेस्ट कीने नापासाची वाट तपासताच येत नाही. त्यासाठी स्टेजिंगच्या सर्व्हरवर गूगलच्या उत्तराच्या जागी स्टब (ठरलेलं उत्तर देणारा नकली तुकडा) ठेवा आणि त्याला ‘नाही’ म्हणायला लावा.

रात्रपाळी:
टेस्ट की टाकल्या, काल रात्री १४० पैकी १३८ हिरव्या. उरलेल्या दोन आधीपासूनच आजारी.
पण खरी गंमत स्टबने केली. तो ‘नाही’ म्हणत होता तरी लॉगिन बिनबोभाट झालं! डेव्हलपरला विचारलं, तर म्हणाला, “अरे, टोकन (कॅप्चा सोडवल्यावर मिळणारा कोड) रिकामं नाही ना, एवढंच बघतो मी.” म्हणजे गूगलला विचारायचं, पण उत्तर ऐकायचं नाही. मग स्टब काढला, टेस्ट कीच्या जागी खऱ्या की लावल्या, टोकनच्या जागी ‘अबक’ लिहून पाठवलं. आत घेतलं की हो!
बग टाकलाय, पी-वन, म्हणजे सगळ्यात तातडीचा. मॅनेजरांनी विकतच्या सेवेचा विषय परत काढलेला नाही.