टोकियोत एकच दिवस: सेन्सोजी, अकिहाबारा आणि जुनी मांगा. क्रम कसा लावू?

गोधडी_पाटण:
मुक्काम दिरांकडे, निशी-कासाईला. टोकियोसाठी पूर्ण दिवस एकच मिळतोय, बुधवार. लेक चौदा वर्षांची, तिला जुनी मांगा (जपानी कॉमिक्स) आणि फिगर्स (त्यांतल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती) हव्यात. सासूबाईंना सेन्सोजीचं देऊळ बघायचंय. त्या शाकाहारी आहेत आणि गुडघे दुखतात. सकाळी अकिहाबारा (अॅनिमे-गेमच्या दुकानांचा भाग), दुपारी सेन्सोजी, संध्याकाळी जमल्यास मिताकाचं जिब्ली या अॅनिमेशन स्टुडिओचं म्युझियम, असा बेत आहे. चालेल ना?

रुळावरचा_कावळा:
आधी वार बदला. जुन्या मांगासाठी अकिहाबारापेक्षा नाकानो ब्रॉडवे ही नाकानोतली दुकानांची इमारत सरस, आणि तिथली बरीच दुकानं बुधवारी बंद असतात. शक्य असेल तर रविवार धरा. त्या दिवशी दुपारी एकपासून अकिहाबाराचा मुख्य रस्ता, चुओ-दोरी, वाहनांना बंद असतो.

क्रमही उलटा करा. सेन्सोजीचा गाभारा सकाळी सहाला उघडतो (ऑक्टोबर ते मार्च साडेसहाला) आणि संध्याकाळी पाचला बंद होतो. मांदाराकेसारखी जुन्या मालाची दुकानं मात्र बाराशिवाय उघडत नाहीत. सकाळी अकिहाबाराला गेलात तर बंद शटर बघाल.

गाड्या अशा: निशी-कासाईहून तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथे गिन्झा लाइन पकडून थेट शेवटचं स्टेशन असाकुसा. देवळातून परत गिन्झा लाइननेच सुएहिरोचो. हे अकिहाबाराच्या उत्तर टोकाला पडतं, त्यामुळे चुओ-दोरीने दुकानं बघत खाली जेआर (जपान रेल्वे) स्टेशनपर्यंत येता येतं. तिथून पिवळ्या पट्ट्याची सोबू लाइन बिनबदल नाकानोला जाते. घाई असेल तर ओचानोमिझूला त्याच फलाटावर समोर नारिंगी जलद गाडी मिळते. रात्री नाकानोहून तोझाई लाइन सरळ घरी. फक्त 'रॅपिड'मध्ये बसू नका. ती निशी-कासाईला थांबत नाही, तोयोचोनंतर एकदम उरायासू.

मेट्रोचा २४ तासांचा पास घेणार असाल तर तो जेआरवर चालत नाही. अकिहाबारा ते नाकानो या टप्प्याला सुइका (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) किंवा वेगळं तिकीट लागेलच.

जिब्ली विसरा. तिथे दारात तिकीट मिळत नाही. पुढच्या महिन्याची विक्री दर महिन्याच्या १० तारखेला, जपानच्या सकाळी दहाला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते, त्यामुळे 'संध्याकाळी जमल्यास' हा प्रकार तिथे चालत नाही.

मिरची_पूड:
सासूबाईंसाठी: कामिनारीमोन या देवळाच्या बाहेरच्या दरवाजासमोरच पर्यटन माहिती केंद्राची लाकडी पट्ट्यांची इमारत आहे (केंगो कुमा यांची). लिफ्टने आठव्या मजल्यावर जा. गच्चीवरून देवळाकडे जाणारी नाकामिसेची दुकानांची गल्ली, देऊळ आणि ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा सगळं दिसतं, तेही फुकट. देवळाच्या पायऱ्या चढण्याआधी तिथे जरा टेकता येईल.

खाण्याचं अवघड आहे. 'भाजीचं' म्हणून दिलेल्या सूप-नूडल्समध्येही दाशी असते, म्हणजे बहुतेकदा कात्सुओ माशाचा अर्क. वरचे माशाचे तुकडे काढून टाकले तरी रस्सा तोच. निंग्योयाकी (सारण भरलेले छोटे केक) दिसायला साधी, पण पिठात अंडं असतं. सोयाबीनच्या पिठात घोळवलेले किबी-दांगो (छोटे गोड गोळे) चालतील. नाकामिसेत चालता चालता खाऊ नये, दुकानासमोरच उभं राहून संपवावं. जाऊबाईंना सांगून डबा बांधून न्या, आणि कचऱ्यासाठी एक पिशवीही ठेवा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच.

खोका_न_फोडलेला:
नाकानो ब्रॉडवेत (१९६६ची इमारत) तळमजल्यावरचा सरकता जिना दुसरा मजला गाळून थेट तिसऱ्यावर नेतो. नवखे लोक दुसऱ्यावरची दुकानं तिथेच हुकवतात. मांदाराकेची मुख्य मांगा शाखा तिसऱ्यावर आहे, तिथून सुरू करून खाली या. सासूबाईंना तळघरातलं आठ थरांचं सॉफ्ट आइस्क्रीम दाखवा. संपवायला तिघी लागतील.

फिगर घेताना चिठ्ठी वाचा, फोनचा कॅमेरा भाषांतर करतो. 'न उघडलेलं' आणि 'खोका खराब' अशा खुणा असतात. आतला माल धड असेल तर खोका खराब असलेलीच घ्या, बरीच स्वस्त पडते. काचेचे छोटे भाड्याचे कप्पे दिसतील. प्रत्येक कप्प्याचा मालक वेगळा, त्यामुळे एकाच फिगरची किंमत दोन कप्प्यांत वेगळी असते. एक फेरी पूर्ण मारल्याशिवाय पैसे काढू नका. लेक बरोबर आहे म्हणून सांगतो, अकिहाबारात एकाच दुकानाचे काही मजले १८ वर्षांवरच्यांसाठी असतात. जिन्यावरची पाटी बघूनच वर चढा.

गाचापोनला (नाणं टाकून खेळणं मिळणारं यंत्र) १०० येनची नाणी लागतात, सुटे करायचं यंत्र बहुधा जवळच असतं.

जुना गेम कन्सोल घेतलात तर त्याचा अॅडाप्टर आपल्या २३० व्होल्टला लावू नका. तो फक्त १०० व्होल्टचा असतो, जळेल. आणि निन्टेन्डोच्या स्विच २ या नव्या कन्सोलची जपानमधली स्वस्त आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते, इंग्रजी करता येत नाही.

गोधडी_पाटण:
रविवार जमतोय. करमाफीचं काय?

रुळावरचा_कावळा:
एकाच दुकानात एकाच दिवशी, कर सोडून ५,००० येनची खरेदी हवी. मूळ पासपोर्ट न्या, फोटो चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र दुकानात पूर्ण १० टक्के भरायचे आणि परतावा देश सोडताना विमानतळावरच्या तपासणीनंतर. तेव्हा त्या तारखेनंतर जाणार असाल तर करमाफीचा माल चेक-इन बॅगेत घालण्याआधी तपासणी उरका.