डाउनव्होटला कारण लिहायची सक्ती? साफ विरोध

घाटमाथा_७
काल इथे एकाने लिहिलं की डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचं बटण, मारून पळणारे भेकड असतात, कारण लिहिल्याशिवाय बटण दाबताच येऊ नये, आणि खाली वा वा करणाऱ्यांची रांग लागली, म्हणून लांबलचक लिहितोय. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमर्सच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तराला डाउनव्होट दिला की उत्तरवाल्याचे २ पॉइंट जातात, पण देणाऱ्याचाही १ जातो, आणि १२५ रेप्युटेशन, म्हणजे साइटवर कमावलेले पॉइंट, नसतील तर तो अधिकारच मिळत नाही. पदरचं घालून कोण उगाच खोड्या काढतं? बरं, अपव्होटचं कारण कुणी मागत नाही, ते गोड लागतं. मी एकदा एका साइटवर नीट लिहिलं होतं की बाबा रे, तू युजरने टाइप केलेलं जसंच्या तसं क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, चिकटवतोयस, कुणीही डेटाबेस उडवेल. झालं, गडी माझ्या प्रोफाइलवर जाऊन जुन्या उत्तरांना मायनस मारत सुटला. आता मी गपचूप मारतो आणि पुढे जातो.

नांदेडची_पोर
पदरचं घालून म्हणे. प्रश्नाला डाउनव्होट फुकट असतो, ते सोयीस्कर विसरलात दादा. मी कॉलेजला असताना अशाच एका साइटवर जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचा प्रश्न टाकला, नल पॉइंटर नावाच्या एररचा. चहा पिऊन येईपर्यंत मायनसमध्ये. एकाने तोंड उघडलं नाही. एररचा पूर्ण स्टॅक ट्रेस, म्हणजे ती कोडमध्ये कुठून कुठे आली त्याची यादी, टाकायचा असतो हे मला कोण सांगणार, आमच्या सरांनाही माहीत नव्हतं. "ट्रेस टाक" एवढं लिहायला बोटं झिजतात का? पुढे प्रश्न विचारायलाच बंदी आली.

घाटमाथा_७
नियम प्रश्न टाकायच्या आधीच दाखवतात. वाचायचा कंटाळा.

नांदेडची_पोर
वाचला होता. कळला नव्हता. तुम्ही आईच्या पोटातून शिकून आलात वाटतं.

निवृत्त_मास्तर
भांडू नका. नोटाला कारण विचारतं का कुणी? २०१३ च्या आधी नोटा नव्हता, ४९-ओ हा नियम होता. केंद्राध्यक्षाला तोंडाने सांगायचं की मत द्यायचं नाही, मग रजिस्टरमध्ये शेरा आणि त्याखाली सही. मी ती ड्युटी केलीये. एक म्हातारबाबा शाई लावून झाल्यावर म्हणाले, मला कुणालाच द्यायचं नाही. समोर बसलेल्या सगळ्या पोलिंग एजंटांच्या माना एकदम वर. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मुकाट मशीनकडे गेले आणि बटण दाबून घरी गेले. कुणाला दिलं देव जाणे. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१३ ला हेच म्हटलं, गुप्तता मोडते, मशीनवरच बटण द्या.

कोथरूडी_खवट
आणि त्या बटणाने काय दिवे लागले? इंदूरला २०२४ मध्ये नोटाला दोन लाखांच्या वर मतं, तरी निवडून यायचा तो आलाच. लातूर ग्रामीणला २०१९ ला नोटा दुसऱ्या नंबरवर. का, ते आजही ज्याला जसं सोयीचं तसं तो सांगतो. मुका निषेध असाच वाया जातो.

घाटमाथा_७
इंदूरचं कारण शेंबड्या पोराला ठाऊक होतं, काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला. प्रत्येक मताला निबंध जोडायची गरज पडली का?

कोथरूडी_खवट
म्हणजे पक्षाने नोटा दाबायचं जाहीर आवाहन केलं म्हणून कळलं ना? कुणीतरी बोललंच की! स्वतःच्याच मुद्द्यावर कुऱ्हाड.

डी_विंग_सेक्रेटरी
माझं ऐका. आमच्या रिडेव्हलपमेंटच्या सभेत एका काकूंनी विरोधाचं कारण दिलं, की भाडं वेळेवर आलं नाही तर या वयात कुठे जाऊ. दुसऱ्या दिवसापासून त्या 'विकासाच्या आड येणाऱ्या', लिफ्टमध्ये कुणी बोलेना. २०१९ च्या जीआरने ५१ टक्के संमती पुरते, मग उरलेल्यांना कोण विचारतो? आणि कॉर्पस फंडाचं तर...

नांदेडची_पोर
सेक्रेटरी काका, कॉर्पस फंडाचा वेगळा धागा काढा प्लीज.

डी_विंग_सेक्रेटरी
विषय तोच आहे! कारण देणारा माणूस सापडतो, मग त्याला सोलतात. तुम्हाला अजून सोसायटी चावलेली नाही.

नांदेडची_पोर
बरं, नावासकट नको. बिननावी कारण चालेल? चार पर्याय द्या, माहिती अपुरी, चुकीचं, आधीच विचारलंय, विषयाबाहेर. टिकमार्क करा आणि जा. कुणाचं प्रोफाइल नको, सही नको, मास्तरांचे एजंट नकोत.

घाटमाथा_७
सगळे पहिल्या पर्यायावर टिक करून मोकळे होतील.

नांदेडची_पोर
होऊ देत. मला तेव्हा तोच पर्याय हवा होता.

घाटमाथा_७
ठीक, नवीन आयडींच्या प्रश्नांपुरतं करा. सक्ती नाही म्हणजे नाही. आणि उत्तरांना तर अजिबात नाही.

नांदेडची_पोर
केवढे ते उपकार. शाल-श्रीफळ पाठवू?

निवृत्त_मास्तर
@कोथरूडी_खवट, वाया जातो म्हणालात ते राहिलंच. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ ला स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढलाय, नोटा पहिली आली तर फेरनिवडणूक.

कोथरूडी_खवट
आणि फेरनिवडणुकीतही नोटाच पहिली आली तर? पुढचा नियमही सांगा की मास्तर, नोटाच्या खालोखाल मतं असलेल्या उमेदवाराला विजयी करतात तो.